ध्रुवांवरचा खालचा ढग पाण्याचा की बर्फाचा? संगणकी मॉडेले नेमकी इथे का अडखळतात

सड्यावरचा

आमची हापूसची कलमे रत्नागिरीच्या उत्तरेकडच्या सड्यावर आहेत. मोहोराच्या दिवसांत मी बागेत एक साधा तापमापक फांदीला टांगून ठेवतो आणि पहाटे पाचला जाऊन वहीत आकडा टिपतो. गेल्या पौषात लागोपाठ तीन रात्री आभाळ स्वच्छ होते, मतलई वारा वाहत होता आणि पारा १५ अंशांपर्यंत उतरत होता. चौथ्या रात्री समुद्रावरून ढगांचा एक सपाट थर येऊन माथ्यावर थांबला आणि त्या पहाटे पारा २० च्या खाली आलाच नाही. बागायतदारांना याचे नवल वाटणार नाही. ढगाळ रात्री थंडी मोडते आणि पाठोपाठ तुडतुड्यांसाठी आणि भुरीसाठी फवारणीची तयारी करावी लागते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

हे इथे सांगण्याचे कारण असे की, उत्तर ध्रुवाकडच्या अशाच खालच्या ढगांविषयी मिळेल ते मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे, आणि हवामानाची संगणकी मॉडेले जिथे वारंवार चुकतात अशा जागांपैकी ही एक ठळक जागा आहे. आमच्या बागेवर आलेला थर निखळ पाण्याच्या थेंबांचा होता. आर्क्टिकवर तसाच थर उणे १५ अंशांच्या हवेत तरंगत असतो, आणि तो पाण्याचा आहे की बर्फाचा, हा तिथला पहिला प्रश्न असतो. मॉडेलने ढग योग्य जागी दाखवला पण हे उत्तर चुकवले, तर त्या ढगाखालच्या जमिनीचा सगळा हिशेब चुकतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

पाणी शून्य अंशाला गोठते हे आपण शाळेत शिकतो. ढगातला सूक्ष्म थेंब मात्र स्वच्छ असेल, त्याला गोठण्यासाठी आधार देणारा परका कण मिळाला नाही, तर तो सुमारे उणे ३८ अंशांपर्यंत पाणीच राहू शकतो. असा आधार देणाऱ्या कणांना हिमकेंद्रके म्हणतात. वाळवंटी धूळ आणि काही जैविक कण हे काम करतात, पण आर्क्टिकच्या हवेत ते फार विरळ असतात. एका लिटर ढगात पाण्याचे थेंब हजारोंनी असतात आणि त्यांच्यात हिमकण जेमतेम एखाददुसरा सापडतो.

आता या दोघांचे एकमेकांशी जमत नाही. उणे १५ अंशांवर पाण्याशी समतोल राखणाऱ्या बाष्पाचा दाब सुमारे १.९१ हेक्टोपास्कल असतो आणि बर्फाशी समतोल राखणाऱ्या बाष्पाचा सुमारे १.६५. म्हणजे जी हवा थेंबाला जेमतेम पुरते, तीच हिमकणाला सुमारे १६ टक्के जास्त होते. हिमकण बाष्प ओढून वाढत जातो, हवा कोरडी होते, शेजारचे थेंब आटतात, आणि वाढलेला कण जड होऊन खाली पडतो. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३० च्या दशकात बर्गेरॉन आणि फिंडायझेन यांनी ती पुढे नेली. या हिशेबाने पाणी आणि बर्फ दोन्ही असलेला मिश्र ढग काही तासांत आटोपला पाहिजे. प्रत्यक्षात तो दिवसचे दिवस टिकतो. १९९७ च्या ऑक्टोबरात कॅनडाचे एक बर्फफोडे जहाज ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फात मुद्दाम अडकवून वर्षभर वाहू दिले होते. ‘शेबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मोहिमेत हे ढग महिनोन्महिने मोजले गेले, आणि ऐन थंडीतही त्यांत द्रव पाणी वारंवार सापडले.

ढग टिकतो कसा, याचे उत्तर मला फार सुंदर वाटते. ढगाचा माथा अवकाशाकडे उष्णता फेकून थंड होतो, थंड झालेली हवा जड होऊन खाली बसते, तिच्या जागी खालची हवा वर चढते आणि चढता चढता तिच्यातल्या बाष्पाचे नवे थेंब होतात. हिमकण जेवढे पाणी खातात, तेवढे ही घुसळण पुन्हा तयार करते. शिवाय आर्क्टिकवर ढगाच्या वरची हवा पुष्कळदा ढगाखालच्या हवेपेक्षा जास्त बाष्प बाळगून असते, त्यामुळे माथ्यावरून आत शिरणारी हवा ढगाला सुकवण्याऐवजी पोसते. उष्ण कटिबंधालगतच्या समुद्रांवरील स्तरराशी मेघांत याच्या नेमके उलट घडते.

मॉडेलची अडचण इथे सुरू होते. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करते. त्यातला एक चौकोन बाजूला १०० किलोमीटर धरला, तर तो रत्नागिरीपासून मालवणपर्यंत पोहोचतो, आणि त्या सगळ्या पट्ट्यासाठी प्रत्येक थरात तापमानाचा एक, पाण्याचा एक आणि बर्फाचा एक आकडा असतो. खरा ढग काहीशे मीटर जाडीचा असतो. त्यात पाणी माथ्याजवळ दाटलेले असते आणि बर्फ खाली विखरून पडत असतो. मॉडेलने दोन्ही एकाच कप्प्यात सारखे कालवले की प्रत्येक थेंबाला हिमकणाचा शेजार मिळतो आणि वर सांगितलेली प्रक्रिया पाणी भराभर संपवून टाकते. ऑक्टोबर २००४ मध्ये उत्तर अलास्कात एका मोहिमेत मोजलेल्या ढगावर २६ मॉडेले चालवून पाहण्यात आली. त्यांतली १७ एका चौकोनावरच्या हवेच्या उभ्या स्तंभापुरती होती आणि ९ ढग बारकाईने सोडवणारी होती. मोजमापात दर चौरस मीटरवरच्या ढगात सुमारे १६० ग्रॅम द्रव पाणी होते. मॉडेलांचे मध्यक उत्तर त्याच्या एक तृतीयांश आले.

पाणी कमी आले म्हणून काय बिघडते, तर खालचा बर्फ चुकीच्या दराने थंड होतो. शेबाच्या नोंदींत हिवाळ्यातले आर्क्टिक दोन ठरावीक स्थितींत सापडते. आभाळ मोकळे असेल तर पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट गमावत असतो, आणि वर द्रव पाण्याचा ढग असेल तर हा तोटा जवळपास शून्यावर येतो. दर चौरस मीटरवर ३० ते ४० ग्रॅम पाणी एवढे पांघरूण त्याला पुरते. तेवढेच वजन बर्फाचे असेल तर कण थोडे आणि मोठे असल्यामुळे ते पांघरूण झिरझिरीत राहते. अनेक मॉडेलांत ही दुसरी, उबदार स्थिती फारच क्वचित उतरते.

जाणकारांनी यावर लिहावे, आणि माझे काही चुकत असेल तर जरूर दुरुस्त करावे.

बर्फाची_लादी

लेख आवडला. आमचा बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे, त्यामुळे अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या पाण्याविषयी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. लाद्यांचे डबे ज्या मिठाच्या पाण्यात उभे असतात ते उणे आठ-नऊ अंशांवर असते. एकदा शुद्ध पाण्याची बंद बाटली दोरीला बांधून त्यात सोडली होती. दोन तासांनी अलगद वर काढली तेव्हा आतले पाणी पाण्यासारखेच हलत होते. बाटली कठड्यावर हलकेच आपटली आणि बुडापासून गळ्यापर्यंत पांढरा झोत चढावा तसे ते डोळ्यांदेखत गोठले. डब्यांतले साधे पाणी मात्र कधीच थांबत नाही, कारण पत्र्याची कड आणि पाण्यातला गाळ त्याला आधार देतात. ढगातल्या थेंबाला आपटणारे कोणी नाही आणि आधार देणारा गाळही नाही, हे या निमित्ताने लक्षात आले.

दापोलीचा_गणिती

मला पडलेला प्रश्न अगदी सरळ आहे. चौकोन मोठा असल्यामुळे चूक होत असेल, तर तो लहान का करत नाहीत? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणक आला आणि २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटर जाळीचे ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे अंदाजाचे मॉडेल सुरू झाले. हीच वाट पुढे नेली तर प्राचलीकरणाची, म्हणजे चौकोनात न मावणाऱ्या प्रक्रिया अंदाजी सूत्रांनी बसवण्याची, गरजच उरणार नाही, असे वाटते.

सड्यावरचा

आपण गणिती आहात, तेव्हा हिशेबच मांडतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि गणित कोसळू नये म्हणून काळाची पावलेही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम आठपट होते. या ढगातली घुसळण नीट दिसण्यासाठी बाजू १०० मीटर किंवा त्याहूनही कमी लागते. १०० किलोमीटरवरून १०० मीटरवर येणे म्हणजे काम शंभर कोटी पट वाढवणे, आणि यात उभ्या दिशेचे थर वाढवण्याचा खर्च धरलेलाच नाही. ६ किलोमीटरची जाळी पावसाच्या अंदाजासाठी मोठीच झेप आहे, परंतु तिच्या एका चौकोनातही अशा ढगाचे कितीतरी पुंजके आणि त्यांमधल्या फटी मावतात.

काहीशे मीटरांपासून काही किलोमीटरपर्यंतच्या छोट्या चौकटीत दहा-वीस मीटरांच्या जाळीने ढग सोडवणारी मॉडेले आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. त्यांतून शिकून मोठ्या मॉडेलांची सूत्रे सुधारली जातात. तरीही जाळी कितीही बारीक केली, तरी एक मिलिमीटरहून लहान असलेला हिमकण कधी जन्माला येतो आणि किती वेगाने वाढतो, यासाठी सूत्रच वापरावे लागते. वर उल्लेखलेल्या २००४ च्या तुलनेत बारीक जाळीच्या मॉडेलांची उत्तरेही एकमेकांपासून बरीच लांब होती. जाळीइतकाच दोष हिमकण निर्माण करणाऱ्या सूत्रांचा आहे, असे माझे मत आहे.

मेघना_चिपळूण

काका, मी वातावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तुमच्या मांडणीला दक्षिणेकडची बाजू जोडते, कारण या चुकीचा सर्वांत मोठा हिशेब तिथे द्यावा लागला.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावरची हवा जगातल्या सर्वांत स्वच्छ हवेपैकी आहे. आसपास जमीन नाही, त्यामुळे धूळ नाही, त्यामुळे हिमकेंद्रकेही फारच थोडी आहेत, आणि तिथले खालचे ढग बऱ्याच कमी तापमानाला पाण्याचेच राहतात. मॉडेलांतली जुनी सूत्रे मध्य अक्षांशांवरच्या, म्हणजे धुळीच्या हवेतल्या मोजमापांवरून बसवलेली होती. ती दक्षिणेत लावली की कागदावर ढग गोठतो, विरळ होतो, आणि त्यातून जास्तीचे ऊन समुद्रात उतरते. ट्रेनबर्थ आणि फासुलो यांनी २०१० मध्ये ही त्रुटी ठळकपणे दाखवून दिली. पुढे २०१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत टास्मानियातल्या होबार्टहून एक संशोधन विमान या ढगांत शिरले, तेव्हाही शून्याच्या बऱ्याच खाली द्रव पाणी विपुल आढळले.

आता खरा मुद्दा. पृथ्वी तापू लागली की बर्फाचे ढग पाण्याचे होतात. पाण्याचा ढग जास्त चमकदार असतो, त्यामुळे तो ऊन परतवून तापण्याला थोडा लगाम घालतो. मॉडेलमध्ये सुरुवातीलाच बर्फ गरजेपेक्षा जास्त असेल, तर बदलण्यासाठी शिल्लकही जास्त असते आणि हा लगाम खोटाच बळकट दिसतो. २०१६ मध्ये टॅन, स्टोरेलव्हमो आणि झेलिंका यांनी एका मॉडेलमधले पाणी-बर्फाचे प्रमाण उपग्रहांच्या नोंदींशी जुळवून पाहिले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अपेक्षित असलेली तापमानवाढ ४.० अंशांवरून ५.० ते ५.३ अंशांवर गेली. नंतर जगभरातल्या मॉडेलांची सहावी मोठी तुलना झाली. तिच्यात या वाढीचा पल्ला १.८ ते ५.६ अंश असा पसरला. आधीच्या तुलनेत तो २.१ ते ४.७ होता. वरचे टोक उंचावण्यामागे ध्रुवांकडच्या आणि मध्य अक्षांशांवरच्या खालच्या ढगांचा मोठा वाटा होता.

खाडीकाठ

मेघनाताई, मग आम्ही ५.६ हा आकडा खरा मानायचा का? एक दोष दुरुस्त केला आणि उत्तर लगेच भीतिदायक झाले, हे वाचून सामान्य वाचकाचा मॉडेलांवरचा विश्वास डळमळतो.

मेघना_चिपळूण

तो आकडा तसाच मानू नये. २०२१ च्या आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या अहवालाने मॉडेलांची सरासरी काढून निकाल दिला नाही. प्राचीन हवामानाचे पुरावे, आजवर मोजलेली तापमानवाढ आणि ढगांच्या प्रक्रियांचा अभ्यास एकत्र तोलून त्याने ३ अंश हा मध्य अंदाज आणि २.५ ते ४ हा संभाव्य पल्ला दिला. लगामाचा खोटा भाग काढला की आधी त्याच्याआड लपलेले दुसरे दोष उघडे पडतात. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, त्यांतली एक हलवली की दुसरी दिसू लागते. म्हणून वरून दिसणारे उजेडाचे गणित जुळले, एवढ्यावर कोणत्याही मॉडेलला पास करू नये. काही मॉडेलांत ढग संख्येने कमी आणि प्रत्येक ढग वाजवीपेक्षा चमकदार असतो, त्यामुळे बेरीज बरोबर येते. ढगात पाणी किती, बर्फ किती आणि दोन्ही कोणत्या उंचीवर आहेत, हेही सोबत तपासावे लागते.

दापोलीचा_गणिती

शंभर कोटींचा हिशेब पटला. मग आणखी एक विचारतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अंदाजाची मॉडेले भौतिकशास्त्राची समीकरणे न सोडवता काही मिनिटांत उत्तर देतात. त्यांना हे ढग शिकवता येणार नाहीत का?

मेघना_चिपळूण

शिकवता येतील, पण शिकवायचे कशावरून? त्यांतली बहुतेक मॉडेले युरोपीय हवामान केंद्राच्या ‘इरा५’ या पुनर्विश्लेषणावर, म्हणजे जुनी निरीक्षणे आणि मॉडेल यांची सांगड घालून केलेल्या नोंदींवर शिकलेली आहेत. त्यात वारा, दाब, तापमान यांची निरीक्षणे भरपूर मिसळलेली असतात, परंतु ध्रुवाजवळच्या ढगातले पाणी आणि बर्फ मुख्यतः त्यामागच्या मॉडेलनेच तयार केलेले असते. गुरूची चूक शिष्य निष्ठेने गिरवतो, तसे होईल.

निरीक्षणे कमी असण्याला कारणेही तशीच आहेत. रडारला येणारा प्रतिध्वनी कणाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे त्याला थोडे मोठे हिमकण दिसतात आणि हजारो बारीक थेंब दिसत नाहीत. लायडर हे रडारसारखेच, पण लेझर प्रकाशावर चालणारे उपकरण; त्याला थेंब उत्तम दिसतात, आणि परतलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून गोल थेंब आणि स्फटिक वेगळेही काढता येतात, पण पाण्याचा दाट थर लागला की किरण तिथेच विझतो. दोन्ही उपकरणे एकत्र लागतात. २००६ मध्ये एकाच दिवशी सोडलेले क्लाउडसॅट आणि कॅलिप्सो हे उपग्रह त्यासाठीच एकामागून एक फिरत होते. तरीही त्यांच्या कक्षा ८२ अक्षांशापलीकडे पोहोचत नव्हत्या, आणि जमिनीच्या परावर्तनामुळे रडारला खालचा साधारण एक किलोमीटर नीट दिसत नव्हता. आपले ढग नेमके त्याच किलोमीटरात असतात. २८ मे २०२४ रोजी युरोप आणि जपान यांनी सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर रडार आणि लायडर एकत्र आहेत.

देवगडवाडी

सर्वांचे लिहिणे मन लावून वाचले. एक प्रांजळ शंका आहे, राग मानू नये. आम्हा कोकणवासीयांना याचा उपयोग कोणता? आमचे ढग गोठत नाहीत.

सड्यावरचा

राग कसला, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. ध्रुवावर एक मॉडेल आणि कोकणावर दुसरे, असे जागतिक मॉडेलमध्ये नसते. ढगातल्या सूक्ष्म प्रक्रियांची एकच संगणकी संहिता सगळ्या चौकोनांत चालते. आपल्या पावसाळी ढगांचे खालचे अंग उबदार असले, तरी उंच वाढणाऱ्या ढगांचे माथे शून्य अंश तापमानाच्या उंचीपेक्षा खूप वर जातात, आणि तिथे तेच अतिशीत थेंब, तेच हिमकण आणि तीच सूत्रे असतात. महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या संस्थेची उंचावरची ढग प्रयोगशाळा चालते, आणि पावसाळ्यात तर ढगच तिच्या दारात उतरतो. तिथे थेंबांविषयी शिकलेले ज्ञान आणि ध्रुवावर हिमकणांविषयी शिकलेले ज्ञान शेवटी एकाच संहितेत जाऊन बसते.

दुसरे असे की, भारत यात नुसता वाचक नाही. गोव्याला वास्को येथे, आपल्याच किनाऱ्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचे ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदला, ७९ अक्षांशाच्या जवळ आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळी मोहिमाही जाऊ लागल्या आहेत. या ढगांचा खरा हंगाम ध्रुवीय रात्रीचा असल्यामुळे हिवाळ्यात तिथे माणसे असणे मला फार मोलाचे वाटते.

आणि समुद्र तर आपल्या दाराशीच आहे. १२ जुलै २०१२ रोजी ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या सुमारे ९७ टक्के पृष्ठभागावर वितळण्याच्या खुणा उपग्रहांना दिसल्या. हिमस्तराच्या माथ्यावर तेव्हा पातळ, खालचे, पाण्याचे ढग होते. खालची उष्णता अडवण्याइतके ते जाड होते आणि वरचे ऊन आत सोडण्याइतके पातळ होते. दर चौरस मीटरला १० ते ४० ग्रॅम, एवढेच पाणी त्यांत होते. मॉडेलने तो ढग गोठवून टाकला असता, तर वितळणे कमी दाखवले असते.

खाडीकाठ

एक दुरुस्ती सुचवतो. मूळ लेखावरून वाचकाचा असा समज होईल की हे ढग ध्रुवावर बारमाही ऊबच देतात. उन्हाळ्याच्या मध्यावर बर्फ वितळून काळे पाणी उघडे पडते, तेव्हा तोच ढग ऊन परतवून थंडावाही देतो. हिमाच्छादित बर्फ ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, त्यामुळे त्याच्यावर आलेल्या ढगाने उजेडाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. उघडा समुद्र मात्र जेमतेम ६ टक्के परतवतो आणि तिथे ढगाची सावली फार मोठी ठरते.

सड्यावरचा

दुरुस्ती मान्य आहे आणि महत्त्वाचीही आहे. आर्क्टिकच्या गोठलेल्या समुद्रावर वर्षातला बराच काळ हे ढग ऊब देतात आणि उन्हाळ्यात काही आठवडे थंडावा देतात, असे म्हणणे बरोबर ठरेल. बर्फाचे क्षेत्र जसजसे घटते, तसतसे ते आठवडे वाढायला हवेत. पाण्याचा ढग बर्फाच्या ढगापेक्षा जास्त चमकदार असल्यामुळे, ढग कशाचा आहे हा प्रश्न तिथेही टळत नाही. माझ्या लेखातला शेवटून दुसरा परिच्छेद हिवाळ्यापुरताच आहे, अशी स्पष्ट ओळ त्यात आज रात्री घालतो.

बर्फाची_लादी यांना विनंती आहे की बाटलीचा प्रयोग चिमूटभर बारीक माती घातलेल्या दुसऱ्या बाटलीसोबत पुन्हा करून पाहावा आणि दोन्हींच्या वेळा इथे लिहाव्यात.

बर्फाची_लादी

करतो. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या की कामाची घाई होईल, त्याआधीच उरकतो. एक बाटली गाळलेल्या पाण्याची आणि एक सड्यावरची लाल माती घातलेली, अशा दोन्ही एकाच डब्याशेजारी सोडून दर पंधरा मिनिटांनी पाहीन.